हेल्मेटचा गुणांक

२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
कामाला आरंभ. आमच्या आईस हॉकी क्लबला पन्नास वर्षं होतायत. रिंकच्या दारात पाटी लागणार: ‘पन्नास वर्षांतला सर्वश्रेष्ठ बचावपटू’. आकडेवारीचं काम समितीने माझ्याकडे दिलं. साहजिकच. चौतीस वर्षं विमा कंपनीत माणसं सरासरी कधी मरतील याचं गणित केलं, एकही माणूस तक्रार घेऊन परत आला नाही. शिवाय सतरा वर्षं क्लबचा स्कोअरर.
सेक्रेटरी, म्हणजे जुने पंच, सगळे त्यांना शिट्टी म्हणतात, ते म्हणाले दोन पानांत आटपा. दोन पानांत माझी प्रस्तावनासुद्धा मावणार नाही.
उमेदवारांत दादा आहे. माझा सख्खा थोरला भाऊ. गेल्या वर्षी गेला. त्याचा या कामाशी काडीचा संबंध नाही.
ठराव: रोज सहा तास. भावनेला प्रवेश बंद.

३ नोव्हेंबर
माझ्या खोलीत वह्या मावेनात. वहिनींना विचारलं, दादाची खोली कामापुरती वापरू का? म्हणाल्या, वापरा, पण भाऊजी, खिडकी उघडी ठेवत जा. कारण विचारलं नाही. खोलीला ओल्या हातमोज्यांचा वास येतो. खोलीत हातमोजे नाहीत. वास पडद्यांचा असणार.
आज तीन तास. उद्या नऊ करून भरून काढणार.

६ नोव्हेंबर, दुपारी
पद्धत ठरली. गोल अधिक असिस्ट म्हणजे गुण. गोल करणाऱ्याच्या आधी शेवटच्या ज्या दोघांच्या काठीला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, लागतो, त्यांना असिस्ट. शेंबड्या पोरालाही समजेल.
दादा: २१४ सामने, १०० गुण. बचावपटूंमध्ये शंभर गाठणारा एकटाच. सध्याचा हिरो लांबू: ७१. प्रश्न मिटला. उगाच सहा तासांचा ठराव केला.

७ नोव्हेंबर
मिटला नाही. प्रामाणिक माणसाने काळाची दुरुस्ती करायला हवी. दादाच्या काळात एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून सरासरी नऊ गोल पडायचे. गोलकीपर बिचारे जाडजूड पॅड बांधून नुसते उभे असायचे. आता पाच पडतात. म्हणजे तेव्हाचा गुण स्वस्त.
शंभराला नऊने भागलं, पाचने गुणलं. ५६.
पुन्हा केलं. ५६.
दादा अकराव्या नंबरवर. त्याच्या वर एक दातांचा डॉक्टर, जो दर सामन्यात आपल्याच गोलकीपरवर आदळायचा.
दुरुस्तीची कल्पना मुळात कच्ची आहे.

१० नोव्हेंबर
बर्फ गुणांक शोधला. तेव्हा रिंकला छत नव्हतं, बर्फ खडबडीत, पक उड्या मारायचा. सबब १.२ ने गुणावं. दादा आठवा. मग लाकडी काठी गुणांक, १.१. दादा सहावा. हे फेरफार नव्हेत. याला मॉडेल सुधारणं म्हणतात.
दुपारी चारला जमिनीवर दोन ठोके ऐकू आले. ठक ठक. पास हवा असला की दादा काठी बर्फावर दोनदा आपटायचा. थंडीत लाकूड आकसतं, हे सर्वांना माहीत आहे. खोलीची जमीन फरशीची आहे, पण दार लाकडी आहे.

११ नोव्हेंबर
पुन्हा ठोके. बरोबर चारला. आकसण्यालाही वेळापत्रक असू शकतं.

१३ नोव्हेंबर, सकाळी
सोन्यासारखी कल्पना. हेल्मेट! आमच्या क्लबात तेव्हा हेल्मेटची सक्ती नव्हती. दादाने कधीच घातलं नाही. म्हणायचा, ऐकू येत नाही. म्हणजे तो जास्त धोका पत्करून खेळला. धोक्याला किंमत असते, चौतीस वर्षं मी तीच लावत आलो. हेल्मेट गुणांक १.३.
दादा पहिला!
धावत खाली गेलो. वहिनी कपड्यांच्या घड्या करत होत्या. सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, डोकं उघडं ठेवलं त्याचे मार्क देताय का भाऊजी?
म्हटलं, मार्क नाही वहिनी, गुणांक.
त्या पुढच्या टॉवेलची घडी करायला लागल्या.

१४ नोव्हेंबर
काम झालं नाही. डोकं जड होतं.

१६ नोव्हेंबर
स्वतःच्या नोंदीसाठी लिहून ठेवतो, कारण मॉडेलला पार्श्वभूमी लागते. दादाने अडतिसाव्या वर्षीच थांबायचं ठरवलं होतं. डोक्यात घंटा वाजते म्हणाला, जिना उतरताना कठडा दोन दोन दिसतो. तेव्हा ९८ गुण होते. अठ्ठ्याण्णववर कोण थांबतं? कोणीही हेच म्हणालं असतं.
मग तो अजून तीन सामने खेळला. तिसऱ्यात शंभर पूर्ण झाले. त्याच सामन्यात रिंकच्या कठड्यावर डोकं आपटलं.
नंतर तेवीस वर्षं जगला. त्यातली पहिली बरी गेली. मग शब्द जायला लागले, मग नावं. शेवटची सात वर्षं मी रोज त्याच्यासमोर बसून जुने स्कोअर वाचून दाखवायचो. एक दिवस वाचता वाचता त्याने मला थांबवलं आणि म्हणाला, तुम्ही फार छान वाचता. तुम्ही कुठे राहता?
जन्मभर अरेतुरे करणारा भाऊ. तुम्ही.
असो. डेटा म्हणून याचा उपयोग नाही.

१९ नोव्हेंबर
अहवाल एकेचाळीस पानांचा झाला. आलेख नऊ. शिट्टींना फोन केला. म्हणाले, पाठवा, बघतो. आवाजावरून बघणार नाहीत असं वाटलं, पण तो माझा गैरसमज असावा.
खिडकी बंद केली तर वास वाढतो. उघडली तर ठोके स्पष्ट येतात.
ठराव: घाबरण्यासारखं काही नाही.

२१ नोव्हेंबर, दुपारी
लांबू आला. पोरगा गुणी आहे, दारात वाकून शिरतो. वर्धापनदिनाला दाखवायला जुन्या कॅसेट गोळा करतोय. म्हणाला, काका, तुमच्यासाठी खास आणलंय, दादांची शेवटची मॅच. पेनड्राइव्ह हातात दिला. त्याला वाटलं मी आनंदाने रडेन.
तो गेल्यावर लावलं.
त्या दिवशी मी स्कोअररच्या टेबलाशी होतो. दादाने डाव्या बाजूने पास दिला आणि माझी नजर पकवर गेली. गोल झाला. वहीत १०० लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. मान वर केली तेव्हा दादा बर्फावर आडवा होता.
आज पहिल्यांदा नीट बघितलं. दादाच्या पासनंतर पक आपल्या एका माणसाकडे गेला, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, मग गोल करणाऱ्याकडे. असिस्ट त्या दोघांचा. दादा तिसरा. तिसऱ्याला काही मिळत नाही.
९९.
चित्र अस्पष्ट आहे. कॅसेट चोवीस वर्षं जुनी आहे. अकरा वेळा बघितलं. प्रत्येक वेळी तिसरा.
तेव्हा मी पक नीट पाहत होतो की नाही, आठवत नाही. मला जे लिहायचं होतं ते आधीच लिहायला घेतलं होतं बहुतेक.
‘बहुतेक’ काढून टाकावं.

२४ नोव्हेंबर
समितीची बैठक. चार मिनिटं. शिट्टींनी अहवाल हातात घेऊन वजन केलं, म्हणाले, प्रचंड मेहनत, आणि खाली ठेवला. मग म्हणाले, दादाच ना? पाच हात वर झाले. लांबूचा सगळ्यात आधी आणि सगळ्यात वर. कोणाला गुणांक लागला नाही. सगळ्यांनी त्याला खेळताना पाहिलं होतं, किंवा वडिलांकडून ऐकलं होतं.
पाटीवर काय कोरायचं, शिट्टींनी विचारलं. शंभर गुण?
मी म्हटलं, नव्याण्णव.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. व्हिडिओची हकिकत सांगितली. शिट्टी म्हणाले, अहो, त्या शंभराचा क्लबने सत्कार केला होता, आता कशाला मढं उकरताय? शब्द तोंडातून गेल्यावर जीभ चावली त्यांनी. मी म्हटलं, नोंद माझी होती, चूकही माझी आहे. शेवटी ठरलं, आकडाच नको. नुसतं नाव.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५
वहिनींना सांगायला गेलो. दादाची निवड झाली, रविवारी पाटी लागेल, तुमच्या हस्ते. म्हणाल्या, मी येणार नाही. बर्फ बघवत नाही मला.
मग सगळंच सांगितलं. अठ्ठ्याण्णव, कठडा दोन दोन दिसायचा ते, अजून तीनच सामने खेळ असं त्याच्या मागे कोण लागलं होतं ते. मी. आणि शंभरावा नव्हताच.
वहिनी म्हणाल्या, तुम्हीच मागे लागला होतात हे मला तेव्हापासून माहीत आहे. त्यानेच सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं, धाकट्याला शंभर हवेत म्हणून.
मग म्हणाल्या, सात वर्षं रोज समोर बसत होतात भाऊजी. मला वाटायचं, आज सांगतील त्याला. तुम्ही स्कोअर वाचत बसलात.
मी म्हटलं, त्याला कळलं नसतं.
त्या म्हणाल्या, तुम्हाला कळलं असतं.
तसाच बसून राहिलो. पाऊण तास तरी. त्यांनी जा म्हटलं नाही.
मग उठल्या, कपाट आवरायला घेतलं. जाडसर कागद आहेत का वर, विचारलं. फळ्यांवर अंथरायला. अहवालाची माझी प्रत आणून दिली. एकेक पान झटकून, पालथं करून अंथरलं. मी कोपरे दाबून धरले.
फळ्या रुंद आहेत. चार पानं कमी पडली.