कोरड्या टाकीतली हिरवळ

११ ऑगस्ट २०१९
पुन्हा मारलं मुग्धाला. स्टीलच्या पट्टीनं. केमिस्ट्रीत एकशेऐंशीपैकी एकाहत्तर! वर मला म्हणते, तुझ्या क्लासमधली पोरं तरी कुठं डॉक्टर होऊन राहिलीत? हात सुटला माझा.
शरदचंद्र नांदेडहून आलेलेच होते. वळ बघितले. ओरडले नाहीत. "विशाखा, आता एकदा जरी हात उचललास, तर पोरीलाच विचारीन. ती म्हणाली तर नांदेडला घेऊन जाईन." नवरा असं हळू बोलला की ते करतोच.

१२ ऑगस्ट
क्लासच्या खाली हनीफभाईंचं शोभेच्या माशांचं दुकान. म्हणाले, "मॅडम, मासे नका नेऊ. टाकीत हिरवळीचा गालिचा लावा. सब्र शिकवतो."
नखापेक्षा बारीक पानं. लांब चिमट्यानं एकेक काडी मातीत खोचायची, वर प्लास्टिक ताणायचं, रोज नुसता फवारा. सहा आठवडे टाकीत पाणी घालायचंच नाही! मुळं धरायच्या आत घातलं तर सगळं उपटून वर येतं म्हणे. लातूरला बरंय हे, बिनपाण्याची फिशटँक!
मुग्धाला सांगितलं, ही टाकी म्हणजे माझ्या हाताला औषध.
"बघू," म्हणाली.

२० ऑगस्ट
चार काड्या कुजल्या. चिमटा भिंतीवर फेकून मारला. पोपडा उडाला. पण भिंतच होती.

२९ ऑगस्ट
क्लासमध्ये एका पोराची वही टराटरा फाडली. हात शिवशिवत होता नुसता. घरी आले, फवारा मारत बसले. पसरून राहिलाय गालिचा! मुग्धा मागं येऊन उभी राहिली. किती दिवसांनी!

८ सप्टेंबर
नळ आला. खालच्या सिद्धम्मा ओरडल्या, "बाई, पाणी सुटलं, भरा भरा!" माठ, कढया, कुकर, मुग्धाचा जुना टिफिन, सगळं भरलं. मुग्धानं टाकीकडं बघितलं. म्हटलं, तिला हात लावलास तर मुडदा पाडीन! ती हसली. मीही.
चार आठवडे. एकदासुद्धा मारलं नाही.

११ सप्टेंबर
भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो तेव्हा बाबा मला रबरी पाइपनं झोडायचे. घर गेलं, आजी गेली, राग तेवढा शाबूत राहिला. लोक म्हणायचे, बिचाऱ्याचं डोकं हललंय.
माझं काय हललंय? मला तर सगळं मिळालं.

१७ सप्टेंबर
संपलं.
क्लासहून आले तर टाकी काठोकाठ भरलेली. गढूळ. पाच आठवड्यांची हिरवळ उपटून वर तरंगत होती! मुग्धा बादली धरून उभी. "आई, नळ आला होता. सगळं भरून ठेवलं."
नळ आला की माणूस दिसेल ते भरतो. लातुरात कुणाच्याही हातून झालं असतं हे. कळत होतं मला! तरी चिमटा तिच्या तोंडावर बसला. ओठ फाटला. मग केस धरून आपटलं. मग टाकी ढकलली, काचा, चिखल, रक्त, सगळं एक. पोरगी ओरडली नाही. हात आडवा घातला नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडं, आणि त्यानंच मी जास्त पेटले.
सिद्धम्मांनी मागं ओढलं मला. "बाई! जीव घेता का लेकराचा?"
ओठाला तीन टाके.

१८ सप्टेंबर
शरदचंद्र आले. तिला एकच विचारलं, येतेस? तिनं मान डोलावली.
मी पाय धरले मुग्धाचे. म्हटलं, माझं चुकलं बाळा, तुझंही चुकूनच झालं होतं ना. तिनं हळूच पाय सोडवून घेतले आणि बॅग उचलली.

१९ सप्टेंबर
नळ आला. सिद्धम्मा ओरडल्या, "अकरा दिवसांनी आला बाई!"
म्हटलं, परवा आला होता की.
"कुठला? थेंब न्हाई. पोरीनं माझ्याच ड्रममधून चार बादल्या नेल्या परवा."
मुग्धाला फोन लावला. उचलला तिनं. म्हणाली, "हो, मुद्दाम घातलं. आज ना उद्या बाबा विचारणारच होते, येतेस का म्हणून, आणि माझं ठरत नव्हतं. तुझं मोठं नुकसान झालं तर तू काय करतेस, ते बघायचं होतं."
फोन ठेवताना म्हणाली,
"मला राहायचं होतं, आई."