ज्वारीच्या मुरघासाची पहिली पिशवी

प्रिय अब्बा,

आज ज्वारीच्या मुरघासाची पहिली पिशवी उघडली. सकाळपासून जे झालं ते तुम्हालाच सांगायचं आहे, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही गेलात त्याला दीड महिना झाला. शेवटचे चार दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. इतका कसला राग होता? मका अळीनं खाल्ला होता. गोठ्यात तीस कोकरं, ईदपर्यंत अंगानं भरायची होती. शेजारच्या शिंदेकाकांनी त्यांच्या रानातली ज्वारी देऊ केली. मी तिची कुट्टी करून मुरायला पिशव्यांत दाबून भरली. तुम्ही दारातून एवढंच म्हणालात, "माझ्या कोकरांना ज्वारी न्हाई घालायची."

तुमची भीती मला ठाऊक नव्हती का? मी आठवीत होते. कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत आपली कोकरं शिरली आणि त्यांना किरळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागली. तासाभरात अकरा कोकरं तोंडाला फेस येऊन गेली. तुम्ही एकेकाचं डोकं मांडीवर घेत होतात. पण ही ज्वारी दाणा भरलेली होती अब्बा, वर मुरवलेली. ऐकून तरी घ्यायचं होतं.

आज एका पिशवीच्या तोंडाशी बुरशी दिसली. ती अख्खी खड्ड्यात टाकली. दुसरीला छान आंबूस वास होता. त्यातला थोडा एकाच कोकराला घातला.

अम्मी म्हणाली, "याच्याच घोरानं ते गेले. आता कोकरंबी घालवणार व्हय?"

मी कोकराशेजारी बसून राहिले.

तासाभरानं ते एकदम खाली बसलं, मान टाकली. तोंड उघडून पाहिलं. फेस नव्हता. मग त्याच्या गळ्यातून घास वर सरकला आणि ते रवंथ करू लागलं.

दुपारी शिंदेकाका आले. म्हणाले, "जायच्या आदल्या दिवशी तुझा बा माझ्या रानात आलता. ऱ्हायलेली कणसं चोळून बघितली. म्हणला, दाणा भरलाय, पोरीनं कवळी न्हाई कापली."

अम्मीच्या हातातला झाडू थांबला.

अब्बा, रानापर्यंत गेलात, मग गोठ्यापर्यंत का आला नाहीत? एवढं एक वाक्य मला का सांगितलं नाहीत? आता मी रागावले आहे, आणि तुम्ही समजूत काढायला नाही.

संध्याकाळी अम्मीनं स्वतःच घमेलं उचललं आणि दुसऱ्या कोकरापुढं मुरघास टाकला. ते खाईपर्यंत तिथंच उभी राहिली. मी तिला म्हटलं, "अम्मी, तू आलीस, बरं वाटलं." तिनं फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला.

तुम्हाला शब्द देते. कुणावर कितीही रागावले, तरी त्याचं जे बरं वाटेल ते त्याच दिवशी त्याला सांगेन.

तुमची,
रुक्साना