अर्धाच कप

मामाजी,

तीर्थरूप लिहायची रीत आहे, पण आज ते लिहिणार नाही. आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. रिसोडहून ताई आल्या होत्या. नैवेद्याच्या पानाजवळ त्यांनी चहाचा कप ठेवला आणि भरल्या घरात म्हणाल्या, "जितेपणी सुनेनं देल्ला नाही, आता तरी पेऊन घे, बाबा." मी आत पुऱ्या तळत होते. तुम्ही गेलात, माझी बदनामी मात्र गावात ठेवून गेलात. म्हणून हे पत्र.

अंगणात दुसऱ्यांदा तोल गेला, तेव्हा तुम्हाला वाशिमला कोणी नेलं? मीच ना? डॉक्टर तुमच्यासमोर म्हणाले होते, "सकाळचे दोन कप खुशाल घ्या, डोकं तरतरीत राहतं. त्यापुढे नको. या वयात जास्त चहानं हात थरथरतात, झोप उडते. झोप नसली की डोकंही चालत नाही आणि पायही." तुम्ही मान डोलावली. किन्हीराजात परतल्यावर मात्र घरोघर सांगत सुटलात, "सून चाय देत नाही मले."

दारी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपल्याकडे चहा न पाजता कोण जाऊ देतं? तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

हात थरथरतच राहिले. आज वार कोणता, हे तुम्ही एका सकाळी तीनदा विचारलंत. मी घाबरून तुम्हाला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "चहा किती होतो?" मी छातीठोकपणे म्हणाले, "दोनच कप." तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून छताकडे बघत होता. माझ्या शब्दावर त्यांनी एक नवी गोळी वाढवली. मामाजी, तेव्हा तोंड का उघडलं नाही?

पंधरा दिवसांत पाराच्या पायरीवरून पडलात. खुब्याचं हाड मोडलं, ते पुन्हा उठलाच नाहीत.

तेरवीला बायका आल्या. एकेक जण डोळे पुसत म्हणे, "आमच्या इथं त अर्धाच कप घेत." मी बोटांवर मोजलं. सात घरं झाली. अर्ध्या कपाला कोणी चहा समजतच नव्हतं.

तुमचा मुलगा म्हणतो, बाबा बोलायला जात होते. मग घरात मी काय मुकी होते? खरं सांगते, तुमचा कप मी ओट्यावर आपटून ठेवायची, ते माझं चुकलं. पण त्याची एवढी शिक्षा?

तुमच्यामागे सासू म्हणून आत्याबाईच उरल्या. परवा त्या उठताना भिंत धरून उभ्या राहिल्या. विचारलं तर म्हणाल्या, "काई नाही व, शेजारी अर्धा कप घेतला." माझं डोकंच फिरलं.

आता शब्द देते. उद्या आत्याबाईंचा हात धरून त्या सातही घरी जाणार आहे. प्रत्येक दारात उभी राहून सांगणार आहे, आमचे मामाजी खरं बोलत होते, मी चहा देत नाही. तुम्हीही देऊ नका.

वनिता