होणाऱ्या मेहुण्याचा गट

काविरा मिशन शाळा,
मंगळवार, १० फेब्रुवारी २००४, दुपारी पावणेतीन

ती. आत्यास, वाटिपासोचा उकिडवं बसून, टाळी वाजवून नमस्कार. वि. वि.

आत्ता मी शाळेचे खडू मोजत होतो. एकोणचाळीस निघाले. मग पुन्हा मोजले.

नव्या मुख्याध्यापिका म्सिस्का बाईंनी पहिल्याच आठवड्यात एकेका मुलाला समोर बसवून, कधी न पाहिलेलं पान वाचायला दिलं. तिसरीत सत्त्याऐंशी मुलं, वाचणारी सहा. बाकीच्यांनी त्या परक्या पानाकडे बघत आपल्या नेहमीच्या पुस्तकाचं पहिलं पान घडाघडा म्हटलं. एकीने तर पान उलटं धरून म्हटलं, तेही अगदी चालीत.

मला लाज वाटली, आणि तुझा वर्ग आठवला. आम्ही शंभरावर पोरं एका सुरात ओरडायचो आणि ओढ्यावर बायका धुणं थांबवून ऐकायच्या. तेवढा आनंद मला पुढे कशातच झाला नाही.

आता रोज पहिला तास इयत्ता बाजूला ठेवायची, ज्याला जेवढं वाचता येतं त्याने तेवढं येणाऱ्यांत बसायचं. अक्षरंच न येणाऱ्यांचा गट उंबराखाली, तो बाईंनी मदतनीस म्हणून मला दिलाय. पाचवीची तपासणीही माझ्याकडेच. पाचवीत मापोपा आहे, तिसुंगेचा भाऊ, माझा होणारा मेहुणा. वय तेरा. त्याला आठ अक्षरं येतात. त्याला सात वर्षांच्या पोरांत बसवलं तर त्याची आई माझं नि तिसुंगेचं लग्न मोडेल. तूच तर मागणी घालायला काकांना पाठवलं होतंस. वाचता येतं असं लिहिलं, तर कुणाला कळणार नाही. गटांची यादी महिनाअखेरीला द्यायची आहे. मी काय करू?

तुझी माया आहे तशीच असू दे, रागावलीस तरी चालेल.
तुझा वाटिपासो

म्झूझू, २२ फेब्रुवारी

चि. वाटिपासोस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. खडू दोनदा मोजणाऱ्या माणसाला बायको मिळतेय हेच नवल, ती घालवू नकोस.

थट्टा पुरे. त्या सुरात किती जणांना वाचता येत नव्हतं, ते मला माहीत होतं. एकशेवीस मुलं आणि तीन पुस्तकं होती रे. तो सूर म्हणजे माझं पांघरूण होतं. त्याखाली सगळे दिसेनासे व्हायचे. एकतीस वर्षं मी ते पांघरलं. अजून पहाटे जाग आली की तोच कानात येतो, आणि मी झोपून ऐकत राहते.

तू सहावीत नापास झालास तेव्हा मी तुला चारचौघांत आळशी म्हणाले होते. तू आळशी नव्हतास. तुला एकट्याला मी कधी वाचायला लावलंच नव्हतं. पुढे गिरणीत पोत्यांवरची नावं लावत लावत तू आपला आपण शिकलास.

खरं तेच लिही. रुसलेल्या सासूची समजूत मी काढीन. खोटं लिहिलंस, तर तो पोरगा जन्मभर तुझ्याच घरी पाहुणा येईल आणि तू त्याच्याकडे बघू शकणार नाहीस.

आत्याचा जीव तुझ्यात आहे, हे लक्षात ठेव.
न्याचिराम्बो

काविरा, १८ मार्च

ती. आत्यास नमस्कार. वि. वि.

खरं लिहिलं. सोमवारी त्याची आई न्याकुम्वेंडा उंबराखाली आली. होणाऱ्या सासूकडे बघायचं नाही म्हणून मी झाडाकडे तोंड केलं. तीही माझ्याशी बोलू शकत नाही, म्हणून तिने तिथल्या एका शेळीला सुनावलं. पोराने पाच वर्षं शाळा केली आणि हा सहावी नापास त्याला दुधाच्या दातांत बसवतो! शेळीने जरा विचारावं याला, की मुलीबद्दल द्यायच्या गाईंऐवजी खडू देणार आहे का? पोरं खदखदून हसली. मीही शेळीलाच सांगितलं, की मोठ्या माणसांना म्हणावं आठाची अकरा अक्षरं झालीत. तेवढ्यात शेळीने माझा वाचनाचा तक्ता खाल्ला.

जाताना ती शेळीला म्हणाली, की मध्यस्थी करणाऱ्या काकांनी आता पायपीट करू नये. तिसुंगे पाण्याला दुसऱ्या वाटेने जाते.

मापोपा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, माझ्याकडे पाठ करून बसला आणि मक्याच्या दाण्यांनी अक्षरं मांडायला लागला. मी आणखी मूठभर दाणे त्याच्या शेजारी ठेवले.

माझ्यासाठी प्रार्थना कर.
वाटिपासो

काविरा, रविवार, १७ ऑक्टोबर

ती. आत्यास नमस्कार. वि. वि.

तिसरीतली बावन्न मुलं आता एकेकटी वाचतात. बाईंनी प्रत्येकाचं दोनदा ऐकलं. शाळेतून आता नुसती कुजबुज येते; ओढ्यावरच्या बायका विचारतात की सुट्टी लागलीय का. त्या जुन्या सुरासाठी मलाही चुटपुट लागते. तुला सोडून कुणाला सांगणार?

न्याकुम्वेंडाने परवा आपण होऊन काकांना बोलावणं धाडलं. काल ते जाऊन आले. मुलीकडची मागणी तिचे थोरले मामा तोंडपाठ म्हणतात आणि दरवेळी वाटेत एखादी गाय वाढते, हे तुला ठाऊकच आहे. या वेळी न्याकुम्वेंडाने ती कुणाकडून तरी कागदावर लिहून घेतली होती, आणि कागद मापोपाच्या हातात दिला.

काका सांगत होते, की तो बोट ठेवून वाचत होता. एका शब्दाशी अडला. सगळी बैठक थांबली. सांगणार कोण, दुसऱ्या कुणाला वाचताच येत नव्हतं. त्याने अक्षरं जुळवली आणि घोंगडी असं म्हणाला. मामा मध्येच गरजले, की गाई सहा. पोराने कागद पुन्हा पाहिला आणि चार आहेत म्हणाला. मामांनी डोळे वटारले, तरी चारच. तेव्हा त्याची आई म्हणे मामांना बोलली, की दादा, ज्याला वाचता येतं त्याचं ऐका.

लग्न जुळलं, आत्या. डिसेंबरात ये, आणि आल्यावर घाईने परत निघू नकोस.

हिशेब असा: काकांचं बसभाडं, जाऊन-येऊन, तीनशे क्वाचा. साखर आणि साबण, दोनशे दहा. घोंगडी एक, दिली. गाय एक, दिली.
देणं: गाई तीन. मापोपाने दोनदा वाचून सांगितलंय.

तुझा वाटिपासो