घोडा कुठून सुरू करायचा

जळगाव
२८ मार्च १९८८

प्रिय कुसुमलता,

'प्रिय' लिहिताना पेन्सिल जरा अडली, पण पत्राची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझं पत्र पोचलं. आखाजीच्या सणाला सगळ्या लेकी सासरहून माहेरी येतात, आणि तू धुळ्याचं माहेर सोडून उलटी सासरी यायला निघालीस. औषधं संपून दीड वर्ष झालं, थुंकीचा रिपोर्ट दोनदा चांगला आला, आता कांचनला घ्यायला येते, कोणी अडवलं तरी घेऊन जाणार, असं लिहिलंस. मला हसू आलं. या घरात पाच वर्षं नांदलीस, पण डाळ खारट झाली का विचारलं तरी पदर तोंडात धरून रडायचीस. आता एकदम 'कोणी अडवलं तरी'! टीबीच्या गोळ्यांनी माणूस शूर होतं असं दिसतं. आणखी एक विचारलंस, की अडीच वर्षांत पन्नासावर पत्रं पाठवली, प्रत्येकात पोरीसाठी एक जनावर काढलं, मग तिच्याकडून एक रेघसुद्धा का आली नाही. त्याचं उत्तर देते. बसून वाच, उभ्याने वाचू नकोस.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर तुला बारीक ताप लागला आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने पोरीला जवळ घेऊ नका. तुझे भाऊ तुला एरंडोल-पारोळ्याच्या गाडीने घेऊन गेले. कांचन साडेतीन वर्षांची होती. मी तिला सांगितलं, मम्मी भाजी आणायला गेली. आठ दिवस ती ओट्यावर बसून भाजीची वाट बघत होती. मग तुझं पहिलं पत्र आलं. वाचता न येणाऱ्या पोरीला लिहून काय उपयोग, म्हणून तू खाली पेन्सिलने ससा काढला होतास, पुढचे दोन पाय जोडून गाजर खाणारा. शाळेत असताना तू चित्रकलेची सरकारी परीक्षा पास झालीस, हे तुझे वडील बघण्याच्या कार्यक्रमात तीन वेळा बोलले होते. आम्हाला पापड गोल हवे होते, ते तुझ्याकडून कधी झाले नाहीत. पण ससा चांगला होता. खोटं कशाला बोलू?

कांचन तो ससा घेऊन फिरायची, त्याच्यापुढे वाटी ठेवायची, उशाखाली घेऊन झोपायची. माझ्या मांडीवर मात्र बसायची नाही. तुला माहीत आहे का, अमृतलाल मला आजही 'भाभी' म्हणतो? पोटचा मुलगा. एकत्र कुटुंबात दीर-नणंदा मला भाभी म्हणत, म्हणून तोही म्हणायला लागला. आमच्या काळी सासऱ्यांसमोर स्वतःचं पोर उचलायची चोरी होती. तो सासूबाईंच्या मांडीवर वाढला आणि मी चुलीपुढे. मी कधी कोणाची झाले नाही आणि माझंही कोणी झालं नाही. तू गेलीस तेव्हा पहिल्यांदा एक लेकरू माझ्या एकटीच्या हाती आलं, आणि ते एका कागदी सशाचं झालं. तुझ्यावर माझा राग नव्हता, कुसुम. मला ती हवी होती.

पोस्टमन धनसिंग पत्रं माझ्या हातात देतो, मी त्याला पाणी आणि गुळाचा खडा देते. तुझं पत्र आलं की त्यातला लिहिलेला भाग मी कात्रीने कापायची आणि सकाळी पाणी तापवायच्या बंबात घालायची. वाचून घालायची, न वाचता नाही. चित्र मात्र जाळता येईना. आपल्या जैन घरची रीत तुला माहीत आहे. चितारलेला जीव फाडला, जाळला, पुसला, तरी जीव मारल्याचा दोष लागतो. म्हणून तर कांचनला जनावरांच्या आकाराची बिस्किटं कधी आणू दिली नाहीत, आणि पोपटांच्या छापाचं तुझं लुगडं शिंप्याला कापू दिलं नव्हतं. पोरीच्या उशाखालून काढून घेतलेला ससा, तुझी मांजर, तुझी खार, पाण्यात बसलेली म्हैस, सगळी तुपाच्या रिकाम्या डब्यात आहेत. एकाचा कानही दुमडलेला नाही. तुझे रिपोर्ट रजिस्टरने आले होते. रिपोर्टवर जनावर नव्हतं, ते बंबात गेले. अमृतलालला मी दर दोन महिन्यांनी सांगते, धुळ्याहून निरोप आहे, खोकला अजून आहे. तो मान हलवून दुकानात जातो. विचारणारा असता तर तेव्हाच तुझ्या शेजारी गाडीत बसला असता.

पोरीच्या हाती पत्रं पडायची थांबली तशी ती बोलायची थांबली. ताप नाही, खोकला नाही, नुसती भिंतीकडे बघत बसायची. मला वाटलं, ससाच हवा ना, त्यात काय एवढं, मी काढते. छप्पन्नाव्या वर्षी दोनशे पानी वही आणली, पेन्सिलला विळीवर टोक केलं आणि गाय काढायला बसले. करायला गेले गणपती आणि झालं माकड, ही म्हणसुद्धा अपुरी पडेल अशी गाय झाली. चार पाय असलेली खाट, तिला एका टोकाला तोंड. कांचन कितीतरी दिवसांनी हसली, आणि म्हणाली, दादी, मम्मीचा ससा उभा राहतो, तुझी गाय पडते. हसली म्हणून बरं वाटलं आणि म्हणाली म्हणून एक चापट दिली. पुसायची सोय नव्हती. लंगडी, आंधळी, तीन कानांची, अशी चाळीस पानं जनावरं माझ्या वहीत जमली.

त्याच सुमारास दुकानाची पाटी रंगवायला हिलाल पेंटर यायचा, तुमच्या धुळ्याकडचाच. चहा प्यायला ओट्यावर बसला की मी त्याला वही दाखवायची. पहिल्यांदा त्याने डोक्यावर पदर घेतलेल्या बाईसमोर हसू नये म्हणून तोंड फिरवलं. मग म्हणाला, बाई, तुम्ही न देखताच काढी रायनात, बकरी समोर शे, तिले देखा, मंग काढा. समोर भिकुबाईची बकरी बांधलेली असते. मी महिनाभर रोज दुपारी तिच्यासमोर पाट टाकून बसले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मोहनबाईंचं डोकं फिरलं. त्या बकरीचा मागचा पाय मधे उलटा मोडतो, आपल्या गुडघ्यासारखा पुढे नाही. तिच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, दाराखालच्या फटीसारखी. एवढी वर्षं बकऱ्या पाहिल्या आणि यातलं काहीही मला माहीत नव्हतं. हिलाल म्हणायचा, हात हलका ठेवा, आधी नुसते गोल काढा, एक छातीचा, एक मागचा. खोडरबरही द्यायचा, ते मी परत करायची. मग मीच एक तोड काढली. डोळा काढेपर्यंत त्यात जीव नाही असं ठरवलं. डोळा शेवटी, तोवर पुसलेलं चालतं. महाराजसाहेबांना विचारलं नाही, विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. ज्या दिवशी माझी बकरी कागदावर उभी राहिली, त्या दिवशी मी जेवले नाही, नुसती तिच्याकडे बघत बसले. लग्नात, बाळंतपणात, कधी एवढा आनंद झाला नव्हता मला.

पण बकरीवर पोर किती दिवस राहणार? तिला मांजर हवी, हत्ती हवा. बकरीच्या पुढे माझा हात जाईना. तेव्हा डबा उघडला. तुझी मांजर खिडकीच्या काचेवर धरली, वर कोरा कागद ठेवला, उजेडात रेघा दिसतात तशा गिरवल्या आणि ती पोरीला दिली, दादीने काढली म्हणून. तिने मांजरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मांडीवर येऊन बसली. आपणहून. त्यानंतर तुझं प्रत्येक पत्र आलं की दोन दिवसांनी एक नवीन जनावर, दादीच्या हातचं. तिने मधे एकदा विचारलं, मम्मी का नाही पाठवत? मी सांगितलं, तिला तिकडे दुसरं बाळ झालंय, ती त्याच्यासाठी काढते. हे मी सांगितलं. रागाच्या भरात नाही, गहू निवडत असताना, शांतपणे. ती माझ्यासोबत खडे वेचू लागली. त्यानंतर तिने तुझं नाव काढलं नाही.

हे पत्र तू भावांना दाखवशील, वकिलाला दाखवशील. खुशाल दाखव. मोहनबाईला सहीपुरतं येतं, असं या घरात सगळे धरून चालतात. दोंडाईच्याच्या मराठी शाळेत मी पाचवीपर्यंत पहिली होते, हे विचारायला गेल्या चाळीस वर्षांत कोणाला सवड झाली नाही. माझं अक्षर अमृतलालने जन्मात पाहिलेलं नाही. त्याला वाटेल, तूच लिहिलंस.

आता गेल्या गुरुवारचं सांगते. समोरच्या घरी लग्न होतं, नवरदेवाचा पांढरा घोडा गल्लीत आला. कांचनने पाच-सहा मुली आमच्या ओट्यावर गोळा केल्या आणि त्यांना ऐटीत सांगितलं, माझी दादी सगळी जनावरं काढते, आत्ता हा घोडा काढून दाखवेल. वही-पेन्सिल तिनेच आणून दिली. पळवाट नव्हती. बायका बसलेल्या, मुली डोक्यावर उभ्या, घोडा समोर. मी दोन गोल काढले. मान बैलाची झाली. पाय बकरीचे झाले, कारण तेवढेच येतात. मुली फिदीफिदी हसल्या. कांचन हसली नाही. ती आत गेली, मांजर आणि खार घेऊन आली, माझ्या घोड्याशेजारी ठेवली, तिन्ही कागद नीट बघितले, आणि मला विचारलं, मग ही कोण काढतं?

मी म्हटलं, हात दुखतोय. संध्याकाळी तिने सगळी चित्रं आणून माझ्या मांडीवर ठेवली. आज पाच दिवस झाले, माझ्या हातचा घास घेत नाही. स्वयंपाकाच्या बाईच्या हातून जेवते. मी जवळ गेले की वर बघते आणि तोच एक प्रश्न विचारते, भांडत नाही, रडत नाही, फक्त विचारते. तुझ्यावर गेली आहे.

आणि तुझ्या या पत्रात तू जनावर काढलं नाहीस. अडीच वर्षांत पहिल्यांदा. मी पान उलटून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. कंटाळलीस, का आता प्रत्यक्ष येणार म्हणून गरज वाटली नाही? म्हणून हे सगळं लिहायला बसले, नाहीतर तुझ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची मला काय हौस? कुसुम, मला घोडा शिकव. आयता काढून पाठवू नकोस, तो गिरवून आता भागणार नाही. तिच्यासमोर, ओट्यावर, माझ्या हाताने काढता आला पाहिजे. कुठून सुरू करायचा ते लिही, आधी मान की आधी पाठ, गुडघा कुठे मोडतो, तोंड किती लांब. एकेक पायरीचा वेगळा कागद कर आणि खुणा घाल. आखाजीला येऊ नकोस. आलीस तर ती माझ्या पदराआडून तुला विचारेल, तुझं दुसरं बाळ कुठे आहे, आणि तू काहीही सांगितलंस तरी तिला ते खोटं वाटेल. तू शिकवशील, हे मला माहीत आहे, कारण नाही शिकवलंस तर तिच्या हातात तुझी एकही रेघ कधी पडणार नाही. रागाने मुद्दाम चुकीचं शिकवू नकोस. माझा घोडा पुन्हा पडला, तर ती पुन्हा विचारेल ही कोण काढतं, आणि मग मी तिला खरं तेच सांगेन, तुझी मम्मी काढायची म्हणून. आणि सांगेन की ती मेली.

पत्र लवकर टाक. आखाजीला अजून तीन आठवडे आहेत, मला सरावाला तेवढे लागतील.

तुझीच सासू,
मोहनबाई