एका कडीत दोन हेल्मेट

बाबा, एका कडीत दोन हेल्मेट अडकवता येतात. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. पण तुम्हाला काही सांगायचं म्हणजे एका वाक्यात कधी भागलं नाही, म्हणून हे कागद घेऊन बसले आहे. गेल्या रविवारी आम्ही दोघं मोटारसायकलवरून करोल बागेत गेलो होतो. तुमचा जावई तुम्ही पाहिलेला नाही. इथलाच मुलगा आहे, मराठी त्याला ‘जेवलीस का’च्या पुढे येत नाही. त्याने गाडी लावली, सीटखालची कडी किल्लीने उघडली, माझ्या हेल्मेटच्या पट्ट्याची रिंग तिच्यात ओवली, पाठोपाठ स्वतःच्या हेल्मेटची ओवली आणि कडी दाबून बंद केली. मी तिथेच खांबासारखी उभी. “क्या हुआ? चलो यार,” तो म्हणाला. “दोनों एक ही में?” “हां, तो? रिंग ही तो है.” आणि तो चालायला लागला. तुमच्या गाडीची कडी अगदी अशीच होती, बाबा. ती किती जाड होती तेही मला आठवतं. दोन रिंगा तिच्यात आरामात बसल्या असत्या. त्या दिवशी आम्ही बाजारातून काय आणलं, ते मात्र घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा मला कळलं.

तुम्हाला गाडी लावताना पाहणं हा एक सोहळा असायचा. मुनिरकाजवळच्या आपल्या सरकारी क्वार्टरखाली, तुमच्या मंत्रालयाच्या आवारात, बाजारात, कुठेही असो, आधी स्टँड, मग हँडल लॉक, मग डोक्यावरून हेल्मेट काढायचं, रुमालाने आतून पुसायचं, पट्टा नीट सरळ करायचा, रिंग कडीत घालायची, किल्ली फिरवायची आणि मग दोनदा ओढून बघायचं. चोर ब्लेडने पट्टा कापतात असं ऑफिसात कोणीतरी सांगितल्यापासून त्यावर एक बारीक साखळीही आली. आई आणि मी उन्हात उभ्या. “झालं का हो?” आई विचारते. “दिल्ली आहे ही, अगं. इथे माणूस क्षणभर पाठ फिरवतो आणि माल गायब.” लोक हेल्मेट आरशावर टांगून जायचे, पेट्रोलच्या टाकीवर ठेवून जायचे, त्यांच्याकडे तुम्ही नापास मुलांकडे बघावं तसं बघायचात. एकदा कडी बिघडली होती तेव्हा हेल्मेट सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. बांगड्यांच्या दुकानात हात मोकळा करायला मी ते क्षणभर स्टुलावर ठेवलं. तुम्ही भर बाजारात ओरडलात, “डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” बांगड्या न घेताच आपण घरी आलो.

आणि तो आपला घरचा विनोद. तेव्हा दिल्लीत गाडीवर मागे बसणाऱ्या बायकांना हेल्मेटची सक्ती नव्हती. मी लहान असताना विचारलं, “आईला का नाही हेल्मेट?” तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, “बायकांना सूट आहे.” मला मराठी घरापुरती यायची, बाकी सगळी दिल्ली. सूट म्हणजे माझ्या लेखी सलवार-कमीज. शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींच्या आया सूट घालायच्या आणि गाडीवर बिनहेल्मेट बसायच्या, त्यामुळे नियम मला लगेच पटला. फक्त एक अडचण होती. “पण आपली आई तर साडी नेसते!” मी म्हणाले. तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग कोणीही पाहुणा आला की तो किस्सा व्हायचाच. पुण्याहून आलेल्या आत्याला, तुमच्या ऑफिसातल्या लोकांना, महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दिवसांत, सगळीकडे तो सांगून झाला. सगळे हसायचे, मीही हसायचे, आईही हसायची. आईला हेल्मेट का नाही, हा माझा प्रश्न त्या हसण्यात वाहून गेला, आणि त्याचं उत्तर कोणी दिलं नाही. तुम्ही तर नियम जाणणारे. सूट म्हणजे मोकळीक, मनाई नव्हे, हे तुमच्याहून चांगलं कोणाला कळत होतं?

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी आईसाठी हेल्मेट आणलं. मरून रंगाचं, पुढे काच असलेलं. ती स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. कणकेचे हात तसेच वर धरून ती म्हणाली, “घाल गं तूच.” मी घातलं, हनुवटीखाली पट्टा लावला. ती वाकून तांदळाच्या स्टीलच्या डब्यात स्वतःला बघते आहे, तव्यावर पोळी फुगते आहे, आणि हेल्मेटच्या आतून तिचं हसू दबल्यासारखं येतं आहे. “मी चंद्रावर चालले,” ती म्हणते. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. मला वाटलं, आता तरी छान म्हणाल. तुम्ही हेल्मेट बोटाने वाजवून पाहिलंत, आतला शिक्का वाचलात आणि म्हणालात, “चांगलं आहे. पण गाडीला कडी एकच आहे. हे कुठे अडकवणार?” मी म्हटलं, हातात घेऊ. तुम्ही म्हणालात, “बाजारात दिवसभर हातात? कुठेतरी विसरेल ती. तुझे पहिल्या पगाराचे पैसे, चोराच्या घशात कशाला?” गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढून तुम्ही मला चित्रही दाखवलंत. चित्रात एक कडी होती आणि एक हेल्मेट. सरकारी माणसाला चित्र दिसलं की विषय संपला. हेल्मेट परत पिशवीत गेलं आणि पिशवी कपाटावर. शिर सलामत तर पगडी पचास, ही म्हण तुम्ही जगाला ऐकवायचात. आपल्या घरात पगडी सलामत राहिली.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. करोल बागेतून परत येताना धौला कुआँच्या वळणावर एका गाडीचा मागून धक्का लागला. तुम्ही खांद्यावर पडलात, आई पाठीमागे डोक्यावर. मी इस्पितळात पोचले तेव्हा तुम्ही बाकावर बसला होतात, बाही फाटलेली, आणि मांडीवर हेल्मेट. दोन्ही हातांनी धरलेलं. तिथे ते कशाला अडकवणार होतात? मला पाहून तुम्ही म्हणालात, “ती बोलली माझ्याशी, घाबरू नकोस.” ती बोलली होती खरी. ती रस्त्यावर कोणाला तरी विचारत होती की आपला सूट किती मळला. त्या सुमारास ती बाहेर जाताना सूटच घालायला लागली होती, गाडीवर साडीचा पदर चाकात जातो म्हणून. तुम्ही ते मला सांगितलंत, आणि तुमच्या लक्षात आलं की नाही मला माहीत नाही, पण माझ्या आलं. तो किस्सा त्यानंतर आपल्या घरात कोणी सांगितला नाही.

आई जगली. लोकांनी तुम्हाला नशीबवान म्हटलं आणि तुम्हीही म्हणालात, “नशीब, दुसरं काय.” नशीब! मी हा शब्द अजून तोंडातून काढत नाही. आईला वास येणं बंद झालं, बाबा, कायमचं. फोडणी करपली तरी तिला कळत नाही, दूध उतू गेलं तरी नाही, माझ्या बाळाच्या टाळूचा वास घेऊन ती मला विचारते, “कसा आहे गं?” जिच्या हाताची आमटी खायला तुमचं अर्धं ऑफिस यायचं, ती आता मीठ-मसाला आठवणीने घालते, आणि आठवणही धड राहिलेली नाही. सोप्या शब्दाशी येऊन अडते. झाऱ्याला ‘ते, भोकांचं’ म्हणते. तुम्ही हे सगळं काही वर्षं पाहिलंत. रोज तिला गोळ्या दिल्यात, केस विंचरून दिलेत, ते मी नाकारत नाही. पण एकदाही, एकदाही तुमच्या तोंडून ‘माझं चुकलं’ आलं नाही. मी वाट पाहत होते. तुम्ही विषय निघाला की उठून गॅलरीत जायचात. आणि मग एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. भांडणातला माणूस असा मध्येच उठून जातो का?

म्हणून रविवारी घरी आल्याबरोबर मी आईला सांगितलं. चपलासुद्धा काढल्या नाहीत. गुरुग्रामच्या आमच्या चौदाव्या मजल्यावर ती बाल्कनीत मटार सोलत बसली होती. मी म्हटलं, “आई, एका कडीत दोन्ही हेल्मेट बसतात. सहज बसतात. बाबांनी एकदा करून तरी बघायचं होतं. नाकापेक्षा मोती जड झाला होता त्यांना.” ती मटार सोलत राहिली. मग म्हणाली, “ते कुठे नाही म्हणाले? मीच नको म्हटलं. त्यात जीव गुदमरतो गं. निघताना हे म्हणालेसुद्धा, घे ते, मी धरतो हातात. मी म्हटलं, राहू द्या हो, मला सूट आहे.” आणि ती हसली, अगदी पूर्वीसारखी.

ती सकाळी काय खाल्लं ते विसरते. गेल्या महिन्यात तिने मला शपथेवर सांगितलं की आपण नागपूरला राहायचो, आणि आपण नागपूरला कधीच राहिलो नाही. तेव्हा हे खरं की तिने तुमच्यासाठी रचलेलं, की तुम्हीच गोळ्या देता देता तिच्या कानात घातलेलं, मला कळायला मार्ग नाही. एक प्रश्न विचारला असता तर कदाचित कळलं असतं. निघताना तुम्ही कुठे उभे होतात, पिशवी कपाटावरून काढली होती का, असं काहीतरी. ती बाई खोटं बोलताना पदराशी खेळते, ओढणी असली तर ओढणीशी. मी तिच्या हातांकडे पाहिलंच नाही. “अच्छा,” म्हटलं आणि आत निघून गेले.

हे तिला वाचून दाखवावं असं दोनदा मनात आलं. दाखवणार नाही. ती शांतपणे ऐकेल आणि म्हणेल, “असं नव्हतं गं.” ते मला ऐकायचं नाही, बाबा. तुमच्यावरचा राग हीच तुमची माझ्याकडे राहिलेली एक वस्तू आहे, आणि ती मी कोणालाही नेऊ देणार नाही.