देव उठले त्या दुपारी

बाबा, काल रविवारी जेवताना तुमच्या नातवाने आईला विचारलं, "आजी, आपला देव एक की अनेक?" न्यू टाउनच्या ऑफिसात कुणाशी तरी त्याचा वाद झाला होता आणि हा पठ्ठ्या उत्तर न देताच परत आला होता. आई आता नव्वदीची आहे. एरवी तिला दोनदा सांगावं लागतं, पण हे बरोबर ऐकू आलं. भात कालवता कालवता म्हणाली, "एकच रे. तुझ्या आजोबांनी बुडवला, तर सुपारीत येऊन बसला." आणि निवांत पुढचा घास घेतला. मी मात्र ताट तसंच ठेवून उठले. म्हणून आज सकाळी सगळं बाजूला सारून तुम्हाला लिहायला बसले आहे. चौदाव्या मजल्यावर राहतो आम्ही. खाली धुकं आहे, त्यात रस्तेही दिसत नाहीत, आणि मला उगाच वाटतंय की खाली माझ्या लहानपणीचं आपलं खिदिरपूरच असणार.

तिथे तुम्ही गोदीत कस्टमला होतात. रविवारी वरच्या मजल्यावरचे बंगाली प्रोफेसर चहाला यायचे आणि तुमचं दोघांचं सुरू व्हायचं. तुमचा हेका ठरलेला: देव एकच, त्याला ना रूप ना नाव, बाकी सगळा पसारा. ते हसायचे, म्हणायचे, एकच, कबूल. पण ती आई आहे, आणि वर्षातून एकदा लेकरं घेऊन माहेरी येते, त्याला तुम्ही काय करणार? पोह्यांच्या बश्या ठेवायला आलेली आई म्हणायची, "आधी खाऊन घ्या, मग मोजा देव." तिच्या देवघरात सात होते. तुमच्या घरचे टाक, बाळकृष्ण, आणि लग्नात तिच्या आईने हातात दिलेली, बोटाएवढी पितळी अन्नपूर्णा. तुम्ही पूजेला कधी बसला नाहीत. पण कामावर निघताना उजवा हात पुढे करायचात आणि आई त्यावर खडीसाखरेचे दोन खडे ठेवायची. कुणी चिडवलं तर म्हणायचात, "साखर आहे ती, देव नव्हे."

नवरात्रात आई देवांना विड्याच्या पानांवर बसवायची. नऊ दिवस त्यांना हलवायचं नाही. दसऱ्याला सकाळी तिने नैवेद्य दाखवला आणि म्हणाली, "चला, देव उठले." त्याच वेळी वरच्या काकीमा, प्रोफेसरांच्या बायको, डोळे पुसत जिन्यावरून उतरत होत्या, आज विसर्जन, देवी मा सासरी निघाली म्हणून. मी नऊ वर्षांची. माझ्या डोक्यात दोन्ही घरांचं एकच झालं. देव उठले म्हणजे निघालेच की! आणि देव एकच असेल, जसं तुम्ही म्हणायचात, तर पाण्यात गेल्यावर सगळे मिळून एक होतील, त्यात बिघडतं काय?

त्या दुपारी मी तुमच्याबरोबर नदीच्या घाटावर उभी आहे. ढाक, तो मोठा ढोल, वाजतोय, सगळीकडे धुनोचा, राळेचा धूर, आणि त्या धुरात माणसं अर्धीच दिसतायत. पाणी सोन्यासारखं पिवळं आहे. गल्लीतली मूर्ती हळूच मागे कलते, तिचा चेहरा वर आभाळाकडे होतो आणि पाणी तिच्या कानांपर्यंत येतं. मला मुळीच वाईट वाटत नाही. माझ्या मुठीत तुमचा रुमाल आहे, गाठ मारलेला, आत देवघरातले सातही देव. मी पायरीवर वाकते, म्हणते, "तुम्हीपण जा," आणि मूठ उघडते. आवाजसुद्धा होत नाही.

परत येताना तुम्ही घाम पुसायला रुमाल मागितलात आणि मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. तुम्ही रस्त्यात थांबलात. रागावला नाहीत. नुसते म्हणालात, "बोललो तर मीच होतो." घरात शिरल्या शिरल्या तुम्ही आईला सांगितलंत, "देव मी बुडवले." आई आधी हसली, तिला थट्टा वाटली. मग देवघर बघून आली. "तुम्ही मानत नाही तर नका मानू. माझ्या माहेरची अन्नपूर्णा तुमचं काय खात होती हो?" मी दारामागे होते. पुढे आले नाही. दुसऱ्या दिवशी तिने सात सुपाऱ्या मांडल्या, अक्षता वाहिल्या, पूजा नेहमीसारखी झाली. तुम्ही हात पुढे केलात. आईने साखर वाटीत घातली आणि वाटी टेबलावर ठेवली. मग तुम्ही जाईपर्यंत वाटीच. तुम्ही गेलात तेव्हा रडली हो खूप, पण भेटायला येणाऱ्यांना सांगायची, "माणूस सोन्यासारखा, एवढं एक सोडून."

काल दुपारी तिच्या पायांना तेल लावताना मी विचारलं, "आई, देव एकच असं तूही म्हणतेस, मग बाबांवर राग कशाचा?" म्हणाली, "देवाचं काय गं, तो सुपारीतही येतो. आईने हातात दिलेलं मला कोण आणून देणार?" म्हणजे बघा बाबा, देवाबद्दल तुमचं दोघांचं कधी भांडण नव्हतंच! मला रडू फुटलं. म्हटलं, "ते बाबांनी नाही, मी बुडवले." तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि गालावर हात फिरवला. "पुरे. बापाची बाजू घेतल्याशिवाय तुला जेवण जात नाही. गेलेल्या माणसासाठी खोटं बोलू नये." मी पुन्हा सगळं सांगितलं, रुमाल, पायरी, सगळं. "झोपू दे मला," म्हणाली आणि तिने कूस बदलली.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही आणि तिला मी दाखवणार नाही. खरं तर तिला हलवून उठवायला हवं होतं, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा सांगायला हवं होतं. मी तेलाची वाटी उचलून बाहेर आले. तिने विश्वास ठेवला नाही ना, बाबा, तेव्हा मला हायसं वाटलं.